बंद दाराआडचा हिशेब



स्मृती व्याख्यानमालेत साधारणपणे मोठे विषय असतात. समाज, संस्कृती, भाषा, लोकशाही. मी संयोजकांना विषय कळवला, 'बंद जागेतला थरारपट कसा बनतो', तेव्हा फोनवर दोन क्षण शांतता होती. मग त्यांनी हळूच विचारलं, "तासभर पुरेल ना?" पुरेल. किंबहुना मला तो आवरावा लागेल.

आधी विषयाचं कुंपण घालून घेतो. मी भुताच्या वाड्याबद्दल बोलणार नाही. बंद खोलीत खून झाला, खुनी कोण, अशा रहस्यकथेबद्दलही नाही. मी बोलणार आहे ते अशा चित्रपटांबद्दल, जिथे माणूस एका जागेत अडकलाय, बाहेर पडता येत नाही आणि आत थांबलं तर मरण आहे. पाणबुडी, गुहा, पेटी, पस्तिसाव्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट. पात्रं मोजकी, जागा हातभर आणि तरीही दोन-अडीच तास आपण खुर्चीचे हात घट्ट धरून बसतो. हे कसं होतं?

सर्वसाधारण समज असा की थरार म्हणजे लपवाछपवी. दिग्दर्शकाने काहीतरी दडवून ठेवायचं आणि ऐन वेळी अंगावर सोडायचं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. बंद जागेतला थरार उभा राहतो हिशेबावर. हवा किती, पाणी किती, भिंत किती जाड, दार कुठल्या बाजूने बंद होतं, हे सगळं दिग्दर्शकाने प्रेक्षकाला आधी दाखवायचं. उधारीची वही गिऱ्हाइकासमोर उघडी ठेवणाऱ्या किराणा दुकानदारासारखं. आणि मग शेवटपर्यंत त्यातली एकही नोंद खोटी करायची नाही. हे एवढंच मला सांगायचंय. पण त्याचे चार-पाच पदर आहेत, ते क्रमाने उलगडतो.

पहिला मुद्दा जागेचा.

माझं मुख्य उदाहरण जर्मन आहे. वोल्फगांग पीटरसन यांचा 1981 सालचा 'दास बूट'. लोथार-ग्युंथर बुखहाइम यांच्या कादंबरीवर बेतलेला. दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन पाणबुडी, यू-96, फ्रान्सच्या किनाऱ्यावरून अटलांटिकमध्ये निघते, एवढंच कथानक. अशी पाणबुडी साधारण 67 मीटर लांब असायची आणि आत पन्नासेक माणसं. पण 67 मीटर हा आकडा फसवा आहे. माणसांच्या वाट्याला येते ती मधली एक नळी. तिच्यात इंजिनं, टॉर्पेडो, नळ, व्हॉल्व्ह, डायल आणि उरलेल्या फटीत माणसं. एक जण पहाऱ्यावर गेला की त्याच्या बिछान्यावर दुसरा आडवा होतो. संडास दोन, त्यांपैकी एकात खाण्याचं सामान ठासून भरलेलं. म्हणजे पन्नास माणसांना एक.

हे आपल्याला कळतं कसं? पीटरसन नकाशा काढून दाखवत नाहीत. बोटीवर एक युद्धवार्ताहर आलाय. नवखा. त्याला सगळं दाखवलं जातं, त्याच्याबरोबर आपण पाहतो. आणि मग येतो तो प्रसंग. तातडीने बुडी मारायची आहे. बोटीचं नाक लवकर खाली जावं म्हणून मोकळी असलेली सगळी माणसं पुढच्या टोकाकडे धावत सुटतात. माणसांचं वजनच तिथे वापरायचं असतं! त्या गोल दारांतून माणसं अंग चोरत, वाकत, उड्या मारत पळतात आणि कॅमेरा त्यांच्या मागोमाग पळतो. त्या एका धावेत आपल्याला बोटीची लांबी कळते, दारं किती अरुंद ते कळतं, कोण कुठे उभा असतो ते कळतं. आणि एक गोष्ट आपोआप मनावर ठसते: इथे माणूस म्हणजे बोटीचाच एक सुटा भाग आहे.

आता हे चित्रित कसं केलं? म्युनिकच्या बव्हारिया स्टुडिओत पाणबुडीचा आतला भाग खऱ्या मापाने बांधला होता आणि तो एका यंत्रावर चढवला होता. यंत्र हललं की अख्खी बोट डोलायची, कलायची. स्टुडिओतल्या सेटची सोय अशी असते की भिंत काढता येते. भिंत काढली की कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा मिळते, दिव्यांना जागा मिळते, सगळ्यांचं काम सोपं होतं. पीटरसननी ती सोय नाकारली. कॅमेरा नळीच्या आतच राहील! छायालेखक योस्ट वाकानो यांनी हातात मावेल असा छोटा कॅमेरा घेतला, तो स्थिर राहावा म्हणून त्याला गायरोस्कोप जोडले, डोक्याला हेल्मेट आणि अंगाला पॅड बांधले आणि नटांच्या मागे ते स्वतः पळाले. आपण जे पाहतो ते एका माणसाने त्या दारांतून खरोखर धावत टिपलेलं आहे. म्हणून आपलीही मान आपोआप खाली जाते.

कोणी म्हणेल, हा हट्ट कशासाठी? हिचकॉकने तर भिंती हलवल्या होत्या. बरोबर आहे. 1948 च्या 'रोप'मध्ये सगळी गोष्ट एका फ्लॅटमध्ये घडते. तेव्हा कॅमेऱ्यात एका वेळी जेमतेम दहा मिनिटांची फिल्म बसायची आणि हिचकॉकला तेवढे लांबलचक शॉट घ्यायचे होते. म्हणून भिंती चाकांवर बसवल्या. कॅमेरा आला की भिंत सरकायची, तो गेला की पुन्हा जागेवर. कमालीची कारागिरी! पण 'रोप'मधल्या पाहुण्यांना दार उघडून घरी जाता येतं. तिथली भीती भिंतीची नाही, पेटीतल्या प्रेताची आहे. 'दास बूट'मध्ये भिंत हाच शत्रू आहे. शत्रूच खोटा असेल तर लढाई कसली?

तिसरी वाटही आहे. सिडने ल्युमेटच्या 1957 च्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'मध्ये जीवाला धोका नाही, पण खोली बंद आहे. ल्युमेटने सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर ठेवला, मग डोळ्यांच्या पातळीवर आणला, शेवटी त्याखाली. लेन्स लांब लांब होत गेल्या. परिणाम असा की छत दिसू लागतं, भिंती जवळ येतात. खोली तेवढीच राहते आणि तरी आवळत जाते. पैसे कमी असलेल्या दिग्दर्शकांनी हे जरूर लक्षात ठेवावं. लेन्स बदलायला सेट तोडावा लागत नाही.

आणि जागा ओळखीची करून द्यायचा सगळ्यांत नेमका नमुना बघायला मला जर्मनीला जावं लागत नाही. तो आपल्या रंगभूमीवर आहे. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवा. नाटक सुरू होतं तेव्हा बेणारेबाईंचं बोट दाराच्या कडीत चेमटतं. आणि तेव्हाच सामंत त्या कडीचा स्वभाव सांगून टाकतो: ती नीट बाजूला सरकवली नाही तर दार बाहेरून लागतं. आपण हसतो, विसरतो. पुढे खेळ अंगावर येतो, बाई बाहेर जायला निघतात आणि दार बाहेरून लागलेलं असतं. तेंडुलकरांनी फसवलं का आपल्याला? मुळीच नाही. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगून ठेवलं होतं. थरारपट लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही कडी टेबलासमोर टांगून ठेवावी.

दुसरा मुद्दा, ज्याला मी हिशेब म्हणतो तो.

जागा कळली. आता तिथे काय संपत चाललंय? बंद जागेच्या गोष्टीत घड्याळ लागतंच, पण ते भिंतीवरचं नको. ते वस्तूंमध्ये हवं. 'दास बूट'मध्ये खोली दाखवणारी एक तबकडी आहे. सुरुवातीला कॅप्टन मुद्दाम बोट खोल नेऊन पाहतो. सांगाडा करकरतो, नवख्या वार्ताहराचा चेहरा उतरतो, जुने खलाशी त्याची मजा बघतात. म्हणजे काय झालं? काटा कुठवर गेला की बोट ओरडते, हे आपल्याला शिकवून झालं. पुढे जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत मार खाऊन बोट बुडते, खाली खाली जाते आणि 280 मीटरवर समुद्राच्या तळाला टेकते, तेव्हा कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. आपण फक्त काटा पाहतो. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने बोल्ट गोळीसारखे सुटतात. पाणी आत येतं. पंप बंद, बॅटऱ्या फुटलेल्या. ज्यांना काम नाही त्यांनी पडून राहायचं, नळी तोंडात धरून श्वास घ्यायचा, कारण हवा मोजकी आहे. हवा, पाणी, वीज. तीन नोंदी. मुख्य अभियंता एकेक दुरुस्त करत जातो आणि आपण त्याच्याबरोबर मनात बेरीज-वजाबाकी करत राहतो.

आता मुंबईत येऊ. विक्रमादित्य मोटवाने यांचा 'ट्रॅप्ड', 2017 साली पडद्यावर आला. राजकुमार राव प्रभादेवीच्या एका टोलेजंग इमारतीत अडकतो. समुद्राच्या तळाशी नाही, अवकाशात नाही. प्रभादेवीत! खाली रस्त्यावर माणसांचा महापूर आणि वर हा एकटा. इमारत कायद्याच्या कचाट्यात सापडलेली, म्हणून बाकी रिकामी. घाईत किल्ली बाहेर कुलपातच राहते आणि दार ओढलं जातं. पुन्हा कडीच बघा. मग मोबाइल मरतो, वीज जाते, नळ कोरडा. तळमजल्यावरच्या वॉचमनपर्यंत हाक पोहोचत नाही.

या चित्रपटातली मला फार आवडलेली नोंद वेगळी आहे. हा तरुण शाकाहारी आहे, हे सुरुवातीला प्रेमाच्या गप्पांत सहज येऊन जातं. तेव्हा ती फक्त गंमत असते. पुढे पोटात आग पडते तेव्हा तो गलोल करून कबुतर टिपतो. तीच गंमत आता गळ्याशी येते. कारण इथे फक्त अन्न संपलेलं नाही. त्याचा 'मी असा आहे' हा समजही संपत आलाय. हिशेबाच्या वहीत माणसाची ही नोंद नसेल तर चित्रपट कोरडा होतो.

आणि सगळ्यांत आवळलेला हिशेब पाहायचा तर रोद्रिगो कोर्तेस यांचा 2010 चा 'बरीड' पाहा. जमिनीत पुरलेली एक पेटी. आत एक माणूस, एक लायटर, एक मोबाइल. दीड तासाहून जास्त वेळ कॅमेरा त्या माणसाला सोडून दुसरीकडे जात नाही. बार्सिलोनात 17 दिवसांत चित्रीकरण उरकलं, त्यासाठी सात वेगवेगळ्या पेट्या बनवल्या. पण मेख बघा. उजेड हवा तर लायटर पेटवायचा. लायटर पेटवला तर हवा जळते. म्हणजे प्रेक्षकाला नुसतं दिसावं यासाठीसुद्धा नायकाला श्वास खर्च करावा लागतो! पटकथेत असं एक कलम सापडलं की अर्धी लढाई जिंकली.

इथे थोडं विषयांतर करतो, रागावू नका. आपला मध्यंतर! माणूस गुहेत लटकलाय, हवा संपत आलीय आणि पडद्यावर पाटी येते. आपण उठतो, वडा खातो, फोनवर बोलतो, परत येतो. दिग्दर्शकाने तासभर बांधत आणलेली भिंत आपण वड्याबरोबर खाऊन टाकतो. 'ट्रॅप्ड' मध्यंतराशिवाय दाखवला गेला, ते फार शहाणपणाचं होतं. थिएटरवाल्यांचं पोट मध्यंतरावर चालतं हे मला ठाऊक आहे. पण नायक उपाशी असताना प्रेक्षकाने थोडा वेळ उपाशी राहायला काय हरकत आहे?

तिसरा मुद्दा आवाजाचा.

बंद जागेत डोळ्यांना फारसं काम नसतं. भिंतीपलीकडचं जग कळतं ते कानांनी. वर शत्रूचं जहाज फिरतंय आणि खाली पाणबुडीत सगळे पुतळ्यासारखे उभे. शत्रूचा आवाज शोधत येतो. टिंग. थोड्या वेळाने पुन्हा टिंग. मग जवळून. माणसं वर छताकडे बघतात. तिथे बघण्यासारखं काही नाही, लोखंड आहे नुसतं. तरी बघतात आणि आपणही बघतो. डेप्थ चार्ज फुटायच्या आधीची ती काही सेकंदं फुटल्यानंतरच्या गोंधळापेक्षा भयंकर असतात.

गंमत अशी की हा एवढा ऐकण्याचा चित्रपट, पण चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्याचाच आवाज इतका व्हायचा की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले. आपण ऐकतो ती कुजबुज पुढे स्टुडिओत रचलेली आहे. ऑस्करसाठी 'दास बूट'ला सहा नामांकनं मिळाली, त्यांत ध्वनी आणि ध्वनिसंकलन ही दोन्ही होती. हे उगाच नाही.

संगीताचं काय? हिचकॉकचा 1944 चा 'लाइफबोट' सबंध एका नावेत घडतो आणि त्यात सुरुवात-शेवट सोडला तर पार्श्वसंगीत नाही. लाटा, वारा, माणसं. आपल्याकडच्या थरारपटांत मात्र पात्र घाबरण्याआधी व्हायोलिनं घाबरतात. संगीतकारांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण अडकलेल्या माणसाला जे ऐकू येत नाही ते प्रेक्षकाला सतत ऐकवलं, तर प्रेक्षक त्याच्याबरोबर आत राहत नाही. तो बाहेर, सुरक्षित खुर्चीत जाऊन बसतो.

चौथा मुद्दा माणसांचा. जागा, हिशेब, आवाज हे सगळं जमवलं आणि आत माणूसच नसेल तर ते यंत्राचं प्रात्यक्षिक झालं.

'दास बूट'मध्ये योहान नावाचा इंजिनाचा माणूस आहे. इंजिन म्हणजे त्याचा जीव की प्राण. बोटीवरचा सगळ्यांत भरवशाचा गडी म्हणा ना. डेप्थ चार्जच्या माऱ्यात नेमका तोच कोसळतो. कामाची जागा सोडून शिडीकडे धावतो. पाण्याखाली शिडीवर चढून जायचं कुठे? पण भीतीला भूगोल कळत नाही. त्याला आवरता आवरता कॅप्टनवर पिस्तूल आणायला जायची पाळी येते. नंतर खजील झालेला योहान लष्करी चौकशी होणार का म्हणून विचारतो. आणि जिब्राल्टरच्या तळाशी तोच योहान गळक्या पाण्यात बुडून भोक बुजवतो. कोणी त्याला शूर म्हणत नाही, कोणी भित्रा म्हणत नाही. तो दोन्ही आहे. उघड्या मैदानात माणूस आपली एक बाजू दाखवून पळून जाऊ शकतो. नळीत त्याला दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात.

आपल्या देशातलं अलीकडचं उदाहरण म्हणजे चिदंबरम यांचा 2024 चा मल्याळी 'मंजुम्मल बॉइज'. 2006 साली खरोखर घडलेली घटना. कोचीजवळच्या मंजुम्मलची पोरं कोडाईकॅनलच्या गुणा गुहेला जातात आणि त्यांतला एक जण अंधाऱ्या विवरात पडतो. दोस्त दोर बांधून खाली उतरतो. कलादिग्दर्शक अजयन चालिशेरी यांनी ती गुहा सेटवर अशी उभी केली की ओल नाकाला जाणवावी. पण मला सांगायचंय ते दोराबद्दल. ही पोरं रस्सीखेचीत खेळणारी आहेत. चित्रपटाच्या सुरुवातीला ती हरतात, भांडतात. आपण म्हणतो, चाललीय टवाळकी. आणि शेवटी विवराच्या तोंडाशी तीच पोरं दोन मित्रांचं वजन वर ओढतात. तेच हात, तोच दोर, तीच हाळी. तेंडुलकरांची कडी आणि मंजुम्मलचा दोर, दोन्ही एकाच जातीचे. फरक इतकाच की कडी माणसाला आत कोंडते आणि दोर बाहेर काढतो. थरारपट लिहिणाऱ्याकडे दोन्ही हवेत.

आता शेवटचा, पाचवा मुद्दा. या सभागृहात बरीच तरुण मुलं दिसताहेत, काहींच्या पाठीवर कॅमेऱ्याच्या बॅगा आहेत, म्हणून हा विशेष त्यांच्यासाठी. पडद्यावरचा धोका आणि सेटवरचा धोका यांची गल्लत करू नका.

'दास बूट'मध्ये वादळाच्या दृश्यात एक नट खरोखर बुरुजावरून खाली पडला, त्याच्या बरगड्या मोडल्या. दिग्दर्शकाला आधी वाटलं, यानेच काहीतरी छान केलं! तो प्रसंग पुढे चित्रपटात राहिला. असे किस्से आपण चवीने सांगतो. जेम्स कॅमेरून यांच्या 1989 च्या 'द अबिस'साठी अर्धवट सोडलेल्या अणुवीज केंद्राच्या टाकीत सुमारे 2 कोटी 80 लाख लिटर पाणी भरलं होतं. तिथे स्वतः कॅमेरून आणि नायक एड हॅरिस, दोघेही बुडता बुडता वाचले. हाही किस्सा रंगवून सांगितला जातो. मी विचारतो, वाचले नसते तर? मग तो किस्सा राहिला असता का?

आपल्याकडे विहिरी आहेत, भुयारं आहेत, किल्ल्यांवरची टाकी आहेत. फुकटचा सेट! कोणालाही मोह होईल. पण विहिरीत गाळ काढायला उतरलेल्या माणसांना विषारी वायूने गाठल्याच्या बातम्या आपण वाचतो. एक गेला म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. त्या हवेला 'कट' ऐकू येत नाही. म्हणून भिंत खरी ठेवा म्हणजे खऱ्या विहिरीत उतरा असं नव्हे. पीटरसनची पाणबुडीसुद्धा लाकडा-लोखंडाचा सेटच होती आणि मंजुम्मलची गुहाही. खरेपणा मापात होता, शिस्तीत होता. चांगल्या थरारपटाचा सेट कंटाळवाणा असावा. दोर तपासणारा कंटाळा येईपर्यंत दोर तपासत असावा. डॉक्टर कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेला असावा आणि दिवस संपेपर्यंत त्याला उठावं लागू नये.

आवरतं घेतो. काय पाहिलं आपण? जागा प्रेक्षकाला पाठ करून द्या. जे संपतंय ते त्याच्यासमोर मोजा. भिंतीपलीकडचं कानांनी दाखवा. माणसाला त्याच्या दोन्ही बाजूंसह आत ठेवा. आणि हे करताना स्वतःच्या माणसांचा जीव पणाला लावू नका.

हे सगळं एका वाक्यात सांगायचं तर प्रेक्षकाशी इमान राखा. शेवटच्या क्षणी आकाशातून हेलिकॉप्टर आणू नका, खिशातून अचानक चाकू काढू नका, संपलेल्या बॅटरीत वीज भरू नका. मोठ्या पटावरच्या चित्रपटात अशी एखादी लबाडी खपून जाते, कारण पाहायला दुसरं बरंच काही असतं. हातभर जागेत ती लगेच सापडते. प्रेक्षक तिथे दोन तास राहिलेला असतो, त्या जागेचा कानाकोपरा त्याला तुमच्याइतकाच ठाऊक असतो. म्हणून नव्या दिग्दर्शकाने पहिला चित्रपट बंद जागेत करावा असं मला वाटतं. पैसे कमी लागतात हे कारण दुय्यम. खरं कारण हे की तिथे खोटेपणा लपवायला जागाच नसते.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, अध्यक्षांनी वेळ दिलाय. आणि दारं उघडीच आहेत, ज्यांना शेवटची बस गाठायची असेल त्यांनी संकोच करू नये.